ओलं डांबर, ओला जांभा: कोकणातल्या मिश्र रस्त्यांसाठी बाईकचा टायर कसा निवडावा

दोन वर्षांपूर्वी जूनच्या तोंडावर मी बटण टायरची (उंच, सुट्या ठोकळ्यांच्या टायरची) नवी कोरी जोडी चढवून वाडीत आलो. पडवीत सुपारी कातरत बसलेल्या काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "काय रे, नांगरणीला चाललास काय?" मी हसलो. पुढच्याच आठवड्यात रत्नागिरीजवळ हातखंब्याच्या उतारावर, भुरभुर पावसात, रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर पुढचं चाक गेलं आणि मी आडवा. वेग तीसच्या आसपास होता. क्लचचा लिव्हर तुटला, गुडघा सोलला, आणि मागून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने खिडकीतून जे बोलायचं ते बोलून घेतलं. चूक टायरची नव्हती. तो टायर चिखलासाठी बनला होता आणि मी त्याला दिवसभर ओल्या डांबरावर पळवत होतो.

कोकणात 'ऑफरोड' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तांबडा चिखल येतो. पण आपल्याकडे माणूस चिखलात पडतो तेव्हा कपडे खराब होतात, आणि ओल्या डांबरावर पडतो तेव्हा हाडं मोडतात. म्हणून माझा क्रम साधा आहे: टायर आधी ओल्या डांबरासाठी निवडायचा, मग ओल्या जांभ्यासाठी (कोकणातल्या तांबड्या दगडासाठी), आणि चिखलाचा विचार सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: महिनाभर वही लिहा

दुकानात जायच्या आधी एक महिना रोजचे किलोमीटर पृष्ठभागाप्रमाणे लिहून काढा. हॅंडलला वही बांधायची गरज नाही, रात्री फोनवर दोन ओळी पुरतात. मी स्वतःला निम्मा ऑफरोडवाला समजत होतो. वहीत निघालं ते असं: एकूण ११४० किलोमीटर. त्यात डांबर ८६०, हायवेचं काँक्रीट १७०, सड्यावरची (उघड्या कातळाच्या पठारावरची) कच्ची वाट आणि चिरेखाणीचा रस्ता मिळून ९५, उरलेले १५ जेटीचे उतार, नदीतले गोटे वगैरे. म्हणजे कच्चं धरून दहा टक्केसुद्धा नाही, आणि त्या दहा टक्क्यांच्या नादात मी उरलेल्या नव्वदावर जीव टांगला होता.

किलोमीटर लिहिताना एक गोष्ट आणखी टिपा: कुठे भीती वाटली. माझ्या वहीत ती ठिकाणं फार थोडी निघाली. ओली वळणं, पुलांवरचे लोखंडी सांधे, रंगाचे पट्टे, आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा लोखंडी उतार. त्या उतारावर समुद्राचं पाणी, डिझेल आणि मासळीच्या टोपल्यांतून गळलेलं पाणी यांचं जे मिश्रण असतं, त्यावर ब्रेक दाबायचाच नाही. बाईक सरळ ठेवायची, क्लच अर्धा, पाय तयार. जयगड-तवसाळ असो नाही तर दिघी-आगरदांडा, नियम तोच. हर्णै बंदरापाशी मासळीच्या गाड्यांमागून जाल तेव्हाही तसंच.

आपले पृष्ठभाग ओळखा

जांभ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण टायरच्या माहितीत वाळू, चिखल, खडी सगळं सापडतं, जांभा सापडत नाही.

जांभा कोरडा असताना टायरला खरकागदासारखा धरतो. ग्रिप एवढी मिळते की माणूस बेफिकीर होतो, आणि टायर मात्र झिजतो. याच जांभ्याच्या कडा कापलेल्या चिऱ्यासारख्या धारदार असतात. उघडा पडलेला कातळ चाकाच्या मध्यभागी लागला तर काही होत नाही, पण टायरच्या बाजूच्या भिंतीला लागला तर चीर पडते, आणि ती चीर कुठलाच पंक्चरवाला बुजवू शकत नाही.

पावसाळ्यात हाच सडा पालटतो. दोन आठवड्यांत कातळावर शेवाळ धरतं, वरून ते नुसतं काळपट दिसतं, हिरवं दिसेलच असं नाही. त्या शेवाळावर जगातला कुठलाही टायर धरत नाही. बटण टायरची बटणं शेवाळ खरवडून खालच्या खरखरीत दगडापर्यंत पोहोचली तर बरं, नाहीतर तुम्ही बर्फावर आहात असं समजा. बारसू, देवीहसोळ, कशेळीची कातळशिल्पं बघायला पावसाळ्यात जाणाऱ्यांनी बाईक डांबरावर लावून चालत जावं. टायर वाचेल, आणि चित्रांवरून चाक जाण्याचा प्रश्नच उरणार नाही.

चिरेखाणीच्या रस्त्याची तांबडी भुकटी उन्हाळ्यात नुसती धूळ असते. पहिल्या सरीत तिचा साबण होतो. ती टायरच्या खाचांत भरते, खाचा लिंपून जातात, आणि महागातला टायरही गोटा झाल्यासारखा वागतो. इथे रुंद खाचांचा टायर खरंच उपयोगी, कारण चाक फिरताना तो माती बाहेर फेकतो. बारीक नक्षीचा टायर ती पोटात धरून ठेवतो. डांबरावर परत आल्यावर पहिले शेदोनशे मीटर हळू चालवा, टायर स्वच्छ व्हायला तेवढं लागतं.

पुळणीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूबद्दल, दोनच वाक्यं. वाळूत बाईक घालू नका: नोव्हेंबरपासून पुढे वेळास, आंजर्ले भागांत कासवं अंडी घालतात, आणि वाळूतल्या वाहनाने ती घरटी चेपतात. शिवाय मिठाच्या वाळूत एकदा गेलेली रिम पुढचं वर्षभर तुम्हाला त्याची आठवण देते.

टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचा

माझ्या २०० सीसी बाईकला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८ आहे. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. मागच्या टायरची भिंत १२० च्या ८० टक्के, म्हणजे ९६ मिलिमीटर. हा हिशेब पाठ करा, कारण दुकानदार नेहमी म्हणतो, "तो साइज नाही, पण हा बसतो."

बसतो म्हणजे काय, ते काढून बघा. समजा बाईकला १२०/९०-१७ लागतो आणि दुकानात १३०/८०-१७ आहे. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. पहिल्यात दोन्ही भिंती मिळून २१६, एकूण व्यास सुमारे ६४८. दुसऱ्यात २०८, एकूण ६४०. फरक आठ मिलिमीटरचा, चालण्यासारखा. पण रुंदी दहाने वाढली, म्हणून साखळी, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि मडगार्डला जागा आहे का ते बोट घालून बघायचं. चिखल भरल्यावर लागणारी जागा वेगळी धरा. रिमचा व्यास मात्र कधीही बदलत नाही, त्यात 'बसतो' हा शब्दच नाही.

रुंद टायर दिसायला मर्दानी. पण अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याची कमान चिमटली जाते, वळणावर झुकल्यावर डांबराला टेकणारा भाग बिघडतो, आणि चिखलात तो तळाशी जाण्याऐवजी वर तरंगतो. भाताच्या बांधालगतच्या वाटेवर अरुंद टायरच तळाची घट्ट जमीन शोधतो. कंपनीने दिलेल्या साइजपासून एका पायरीपेक्षा लांब जाऊ नका.

साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा भाराचा: ५४ म्हणजे २१२ किलो, ६२ म्हणजे २६५, ६५ म्हणजे २९०. अक्षर वेगाचं: पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८०. आपल्या रस्त्यांवर वेगाचं अक्षर कमी पडायचं नाही, भार मात्र बघा. माझी बाईक सुमारे १६०, मी ७८, मागे बायको ६२, चतुर्थीला गावी नेलेलं सामान १५, एकूण ३१५ किलो. त्यातला साठ टक्के मागच्या चाकावर धरला तर १८९. ६२ आकड्याच्या टायरला तो सहज पेलतो. पण आंब्याच्या पेट्या बांधून नेणाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा करावा.

मग तारीख. डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन वर्षांपेक्षा जुना टायर मी नवीन म्हणून घेत नाही, आणि दुकानाबाहेर उन्हात टांगलेला तर कितीही नवा असला तरी नाही. रबर उन्हाने कडक होतं आणि कडक रबर ओल्यात घसरतं. बटणाच्या बाजूला नख दाबून बघा. ताज्या रबरात नखाची खूण उमटून हळूहळू भरून येते.

नक्षी: ऐंशी-वीस, साठ-चाळीस आणि बाकीचे आकडे

टायरवाले सांगतात, हा ८०/२०, हा ५०/५०. पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्याचा. हे कुठलं सरकारी प्रमाण नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मापाने सांगते. एकाचा ७०/३० दुसऱ्याच्या ६०/४० सारखा असू शकतो. म्हणून आकडा ऐका आणि डोळ्यांनी तीन गोष्टी बघा.

मधली पट्टी बघा. टायरच्या माथ्यावर सलग किंवा जवळजवळ ठोकळे असतील तर डांबरावर रबर जास्त टेकतं, सरळ ब्रेकला टायर धरतो, आणि आयुष्यही वाढतं. माथ्यावरच मोठमोठ्या फटी असतील तर ओल्या डांबरावर टेकणारं रबर तेवढं कमी.

खांदे बघा. झुकल्यावर टेकतो तो भाग. आंबोली, करूळ किंवा अणुस्कुरा घाट रोजचे असतील तर खांद्यावरचे ठोकळे एकमेकांना जोडलेले हवेत. सुटे उंच ठोकळे वळणावर वाकतात आणि बाईक रबरी बुटावर उभी असल्यासारखी डुलते.

खाचांची रुंदी बघा. बोटाचं टोक जाईल एवढी खाच तांबडी माती फेकते, काडीएवढी खाच फेकत नाही.

यावर माझं स्पष्ट मत: कोकणात राहणाऱ्या, रोज डांबराने जाणाऱ्या आणि घराजवळ दोनचार किलोमीटर कच्चं असणाऱ्या माणसाने ८०/२० किंवा फार तर ७०/३० घ्यावा. अपोलो ट्रॅम्पलर, सीएट ग्रिप एक्सएल, एमआरएफ मोग्रिप मीटिअर ही नावं दुकानात याच चर्चेत निघतात. नाव घेऊन थांबू नका, तुमच्या साइजमधली नक्षी प्रत्यक्ष बघा, कारण एकाच नावाखाली पुढचा आणि मागचा टायर बराच वेगळा असतो. ५०/५० फक्त त्यांनी, जे दर रविवारी खरंच सडे आणि खाणी तुडवतात आणि बाईक ट्रेलरवर नेल्यासारखी डांबरावर जपून चालवतात. पहिल्या पावसाळ्यातच मागच्या चाकाची बटणं अर्धी गेलेली बघायची तयारीही ठेवा.

पुढे एक, मागे दुसरा असं चालतं का? चालतं, पण कुठला कुठे यावर भांडणं आहेत. मातीत रमणारे सांगतात, पुढे बटण लावा, म्हणजे हॅंडल ऐकतं. त्यांचं खरं आहे, मातीपुरतं. मी उलट करतो. ओल्या डांबरावर मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर जमीन. म्हणून माझ्या पुढच्या चाकाला डांबराकडे झुकलेला टायर, मागे थोडा जास्त ठोकळ्यांचा. गेले दोन पावसाळे तरी हातखंब्याला नमस्कार घालावा लागलेला नाही.

ट्यूब की ट्यूबलेस

आऱ्यांच्या चाकाला बहुधा ट्यूब, अलॉयला ट्यूबलेस. हे बाईक घेतानाच ठरलेलं असतं, म्हणून वाद घालत बसू नका, आपल्याकडे जे आहे त्याची तयारी ठेवा.

ट्यूबलेसला खिळा लागला तर दोऱ्याचा प्लग भरून पाच मिनिटांत निघता येतं. हायवेच्या कामाच्या जागी सेंट्रिंगचे खिळे मुबलक, त्यामुळे ही सोय मोठी. प्लग फक्त माथ्यावरच्या भोकाला, बाजूच्या भिंतीला कधीच नाही. आणि किनाऱ्यालगत राहत असाल तर ट्यूबलेसचं एक दुखणं ओळखून ठेवा. खाऱ्या हवेने अलॉयची कड पांढरी पडते, टायरचा ओठ (रिमला बसणारी आतली कड) जिथे टेकतो तिथे खरखर होते, आणि पंक्चर नसताना आठवड्याला थोडी थोडी हवा जाते. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून भोक शोधत राहतो. त्याला सांगा, टायर उतरव, रिमची कड बारीक खरकागदाने घास, साफ कर, मग चढव.

ट्यूबवाल्यांनी पुढची ट्यूब सोबत ठेवावी. २१ इंची ट्यूब अडीअडचणीला मागच्या १७-१८ इंची चाकातही घालून घर गाठता येतं, उलटं मात्र जमत नाही. करवंदीचा आणि हेकळीचा काटा ट्यूबमध्ये मोडून राहतो, म्हणून पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडका फिरवा. बोट फिरवाल तर रक्त निघेल. नवा टायर घालताना ट्यूबही नवी, आणि रिमटेप तपासून. जुनी ताणलेली ट्यूब नव्या टायरमध्ये चुणी पाडते, आणि तिथेच फुटते.

बसवताना अंगावर उभे राहा

दुकानात चहा प्यायला जाऊ नका. टायरवर बाण असतो, तो चाक फिरण्याच्या दिशेला. गर्दीच्या दिवशी तो उलटा बसलेला मी दोनदा पाहिलाय. टायरवर रंगाचा ठिपका असेल तर तो बहुतेक वेळा टायरची हलकी बाजू दाखवतो, तो वॉल्व्हजवळ यायला हवा. ओठ बसायला साबणाचं पाणी लावायचं, ऑइल नाही. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर चाक उड्या मारेल, हवा सोडून पुन्हा बसवायला लावा.

चाक खाली आलेलंच आहे तर आरे स्क्रूड्रायव्हरने वाजवून घ्या. कसलेला आरा टणकन वाजतो, ढिला भदभदतो. मागचं चाक परत बसल्यावर साखळीचा ताण, एक्सलचा नट आणि ब्रेक या तीन गोष्टी हाताने बघितल्याशिवाय स्टार्टर मारू नका. काढलेल्या जुन्या टायरवर नक्षी कोरून मिळते, असं कोणी सांगितलं तर हात जोडा: कोरल्यावर खाली उरतं ते फक्त कापड.

हवा

बाईकच्या स्विंगआर्मवर किंवा साखळीच्या झाकणावर कंपनीने आकडे चिकटवलेले असतात, एकट्यासाठी वेगळे, दोघांसाठी वेगळे. डांबरावर तेच पाळा, टायर थंड असताना मोजून. पंपावरच्या यंत्रापेक्षा खिशातला पेनासारखा गेज बरा.

लांबच्या कच्च्या वाटेवर ४ ते ५ पीएसआय कमी केले की टायर पसरतो, खडे गिळतो, मनगटं वाचतात. पण इथे पुन्हा जांभा आडवा येतो. धारदार कातळावर हवा फार कमी असेल तर टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात आणि अलॉयला पोचा. म्हणून मऊ मातीत कमी करा, कातळावर नको. डांबरावर परत आल्यावर भरायचं साधन जवळ नसेल तर कमी करूच नका. पायाचा छोटा पंप किंवा बॅटरीवर चालणारा, काहीही चालेल.

कधी बदलायचा

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. बाजूवर टीडब्ल्यूआय (झिजेची खूण) ही अक्षरं किंवा बाण दिसतो, त्याच्या सरळ रेषेत बघा. नक्षी उंचवट्याला टेकली की टायर संपला. आपल्या पावसासाठी मी तेवढं थांबत नाही. आंबोलीला वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, किनाऱ्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मेच्या अखेरीस मागच्या टायरची नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर मी तो तेव्हाच बदलतो. उरलेले हजार-दीडहजार किलोमीटर वसूल करू, हा हिशेब पावसात महाग पडतो.

पुढच्या टायरचे ठोकळे हाताने कुरवाळून बघा. एका दिशेने गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले तर टायर दात पाडतोय. ठोकळ्यांच्या टायरला हे थोडंफार होणारच, पण हॅंडल थरथरू लागलं की नक्षी शिल्लक असली तरी निरोप द्या.

पहिल्या पावसात ओळख

नवा टायर शक्यतो मे महिन्यातच घाला. वरची चकाकी जाण्यासाठी पहिले दीडेकशे किलोमीटर कोरड्यात, हळूहळू झुकवत चालवायचे. मग पहिला खरा पाऊस येतो. त्या दिवशी वर्षभराचं सांडलेलं तेल, रबराची पूड आणि धूळ वर येते आणि रस्ता सगळ्यात निसरडा असतो. त्या दिवशी शक्यतो बाहेर पडू नका. दोनचार चांगल्या सरींनी रस्ता धुऊन निघाला की रिकामा, सरळ, ओला तुकडा शोधा. मागे कोणी नाही बघून, बाईक अगदी सरळ ठेवून, तीसच्या वेगाने फक्त मागचा ब्रेक हळूहळू वाढवत न्या. चाक कुठे सोडतं किंवा एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) कुठे पायाला टोचतो, ते तीनचारदा अजमावा. मग पुढचा, दोन बोटांनी, आणखी हलका. कोरड्यात ज्या खांबापाशी थांबत होतात त्याच्या किती पुढे गेलात ते पावलं टाकून मोजा आणि त्याच वहीत लिहा. माझी पावलं जुन्या बटण टायरवर एकवीस होती, आताच्या जोडीवर तेरा.